मलप्रभेच्या वाळूतला झिरकॉन

रत्नांच्या जाहिरातीत ‘दुर्मिळ’ आणि ‘प्राचीन’ हे शब्द जोडीने फिरतात. खनिजांच्या जगात ही जोडी क्वचितच जमते. पृथ्वीवरच घडलेला, आजवर सापडलेला सर्वांत जुना कण झिरकॉनचा आहे, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधला. वय ४४० कोटी वर्षं, आणि खुद्द पृथ्वी ४५४ कोटींची. पण झिरकॉन हे खनिज काही दुर्मिळ नव्हे. ग्रॅनाइटच्या बहुतेक दगडांत आणि तो दगड झिजून झालेल्या बहुतेक वाळूत ते थोडंफार असतंच. टांझानाइट हे रत्न खरोखरच एका जागचं, टांझानियातल्या मेरेलानीच्या टेकड्यांपलीकडे कुठे मिळत नाही. पण वयाने ते झिरकॉनच्या नातवंडांत जमा.

म्हणून ज्याला खरोखर जुनं काही हातात घ्यायचं आहे त्याने सराफकट्ट्यावर जाण्याआधी नदीवर जावं. बेळगाव जिल्ह्यात ते जमतं, फक्त नदी बरोबर निवडली पाहिजे.

जिल्ह्यातले दगड ढोबळमानाने चार पिढ्यांचे आहेत. शहराच्या आजूबाजूचा जांभा, ज्याचे चिरे काढतात, तो सर्वांत तरुण. पठारांवरचं बॉक्साइटही त्याच कुळातलं. त्याखाली आणि उत्तरेला निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, किंवा सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला मलप्रभा ज्या डोंगराला चिरून जाते, तो कलादगीचा क्वार्टझाइट, म्हणजे जुन्या वाळूचा घट्ट होऊन झालेला दगड. त्याचं वय शंभर कोटींच्या वर. आणि खानापूरच्या दक्षिणेला, लोंढ्याकडे, धारवाडी शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचे दगड, आणि त्यांच्या पायाशी पट्ट्यापट्ट्यांचे ग्रॅनाइटसारखे दगड. हे अडीचशे ते तीनशे कोटींच्या घरातले आणि काही त्याहूनही जुने.

बेसॉल्टच्या रसात सिलिका कमी असते, त्यामुळे झिर्कोनियम हा धातू असूनही त्याचे झिरकॉनचे स्फटिक सहसा जमत नाहीत. म्हणून हिरण्यकेशी किंवा वरची घटप्रभा धुंडाळण्यात अर्थ नाही. तिथल्या वाळूला चुंबक लावला की काळ्या रवाळ दाढ्या चिकटतात आणि बघणारा खूश होतो, पण ते बेसॉल्टमधून आलेलं मॅग्नेटाइट असतं. मलप्रभेचं वेगळं आहे. कणकुंबीला उगम पावून ती खानापूरच्या खाली जुन्या दगडांवरून वाहते आणि पुढे कलादगीच्या क्वार्टझाइटमधून जाते. खानापूर ते सौंदत्ती हा तिचा पट्टा धरावा.

हंगाम दिवाळीनंतरचा, पाणी ओसरल्यावर. नविलतीर्थाच्या धरणाखाली उतरणार असाल तर आधी गावात विसर्गाची चौकशी करा. तिथे पात्र कोरडं दिसतं म्हणून ते दिवसभर कोरडं राहील असं नाही. आणखी एक गोष्ट. नदीतली वाळू उचलून नेण्यावर निर्बंध आहेत आणि झिरकॉन २०२३ पर्यंत खाण-कायद्याच्या अणुखनिजांच्या यादीत होतं, आता त्याच कायद्याच्या महत्त्वाच्या (क्रिटिकल) खनिजांच्या यादीत आहे. तेव्हा वाळू जागेवरच धुवायची, धुतलेली तिथेच परत टाकायची आणि घरी चमचाभर काळा गाळ न्यायचा. विकण्याचा विचार डोक्यात आला तर इथेच थांबा.

वाळू कुठून घ्यायची यावर निम्मं काम ठरतं. पात्राच्या मधली, पावलाखाली मऊ लागणारी स्वच्छ वाळू सुंदर दिसते आणि तिच्यात जवळजवळ काही नसतं. जड कण प्रवाह मंदावतो तिथे बसतात. मोठ्या धोंड्याच्या खालच्या बाजूला, वळणाच्या आतल्या अंगाला आणि सर्वांत चांगलं म्हणजे तळच्या कातळाच्या आडव्या भेगांत. लोखंडी सळईने किंवा जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने त्या भेगा उकरायच्या. चार-पाच किलो माल पुरतो.

लोखंडी घमेलं नको, कारण पुढे चुंबक वापरायचा आहे आणि गंजाची पावडर उगाच त्यात येते. दीडेक फूट व्यासाची प्लास्टिकची पसरट पाटी घ्या, हिरवी किंवा निळी असली तर काळे-पांढरे दोन्ही कण उठून दिसतात. बरोबर दोन मिलिमीटरची चाळण, एक बादली, भांडी घासायच्या लिक्विडची छोटी बाटली. कपड्यांची पावडर घेऊ नका, कारण पुढे सांगतो.

चाळणीतून माल पाटीत घ्या, पाटी निम्म्याहून थोडी जास्त भरा. पहिलं काम चिखल काढण्याचं. पाण्याखाली दोन्ही हातांनी वाळू चोळा, गढूळ पाणी ओता, पुन्हा चोळा. पाणी नितळ येईपर्यंत हे करावंच लागतं, बहुतेकजण इथेच घाई करतात. मातीचा लेप असलेला झिरकॉनचा कण हलक्या कणाला चिकटून त्याच्याबरोबर वाहून जातो. मग लिक्विडचे दोन थेंब टाका. झिरकॉनचे कण बहुधा ०.१ ते ०.२ मिलिमीटरचे असतात, आणि एवढा बारीक कण जड असूनही पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतो. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि कण खाली बसतो.

आता पाटी पूर्ण पाण्याखाली धरून आडवी, झपझप हलवायची. या हलवण्याने जड कण तळाशी जातात. मगच पाटी पुढे थोडी कलती करून वरचा थर पाण्याच्या लाटेने बाहेर सोडायचा. तीन-चार लाटा, की पुन्हा सपाट धरून हलवायची. नुसती कलती धरून धूत राहिलात तर थर लागतच नाहीत आणि जड-हलकं सगळं एकदम जातं. वाळू मूठभर उरली की वेग निम्मा करा. शेवटी तळाशी काळपट रेघ दिसू लागते. त्या रेघेच्या मागच्या कडेला करडा-गुलाबी झाक असलेला बारीक थर असेल तर तिथेच थांबा, आणखी धुऊ नका. सगळं काळंभोर होईपर्यंत धुण्याचा मोह होतो, पण झिरकॉन बिनरंगी किंवा फिका असतो. काळेपणा मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटचा. घनतेने इल्मेनाइट आणि झिरकॉन जवळपास सारखेच, ४.६ ते ४.७, त्यामुळे पाण्याने ते वेगळे होणार नाहीत.

ते काम चुंबकाचं. गाळ स्टीलच्या नव्हे, चिनीमातीच्या पांढऱ्या ताटलीत उन्हात पूर्ण वाळवा. वर्तमानपत्रावर वाळवला तर बारीक कण कागदाच्या तंतूंत अडकतात. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाळाच्या बोटभर वरून फिरवा; मॅग्नेटाइट उडी मारून चिकटतं. पिशवी उलटी केली की ते सुटतं. चुंबक थेट टेकवू नका, मॅग्नेटाइटच्या पुंजक्यात झिरकॉन अडकून जातो. निघालेलं मॅग्नेटाइट पसरून त्यावरून पुन्हा एकदा चुंबक फिरवला की अडकलेले कण मागे राहतात. नंतर निओडिमियमचा छोटा, ताकदवान चुंबक अगदी जवळून फिरवायचा. इल्मेनाइट आणि बरेचसे गुलाबी गार्नेट त्याला लागतात. झिरकॉन लागत नाही. प्रयोगशाळेत याच्या पुढची पायरी ब्रोमोफॉर्मसारख्या जड द्रवाची असते, क्वार्ट्झ त्यात तरंगतो आणि झिरकॉन बुडतो. तो द्रव विषारी आहे, घरी आणू नये.

उरलेली चिमूट काळ्या कागदावर पसरून दहापट भिंगातून पाहा, तीसपट असेल तर फारच छान. क्वार्ट्झचे कण काचेसारखे पण मंद. झिरकॉनचा कण त्यांच्यात वेगळाच चमकतो, हिऱ्याकडे झुकणारी ती चमक एकदा डोळ्यात बसली की मग शोधावं लागत नाही. आकार चौकोनी खांबाचा, दोन्ही टोकांना पिरॅमिड. बरेचसे मात्र गोटीसारखे गुळगुळीत सापडतील, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचे. टोकदार कण ग्रॅनाइटसारख्या दगडातून नुकताच सुटलेला. गोलसर कणाने आधी एकदा नदीचा प्रवास केलाय, कलादगीच्या समुद्राकाठी वाळू होऊन बसलाय, त्याचा दगड झालाय, आणि तो दगड फुटून पुन्हा मलप्रभेत आलाय. कठीणपणा ७.५, ठरावीक दिशेने फुटण्याची सवय नाही, आम्लांना दाद नाही. एवढ्या जोरावर तो दगडांच्या दोन पिढ्या सहज पचवतो.

खात्रीसाठी अतिनील टॉर्च. नोटा तपासायच्या स्वस्त टॉर्चची तरंगलांबी बहुधा ३९५ नॅनोमीटर असते, तिचा जांभळा उजेड सगळं झाकून टाकतो. ३६५ ची घ्यावी. अंधारात काही झिरकॉन मोहरीसारखे पिवळे किंवा नारिंगी उजळतात. सगळेच नाहीत, तेव्हा न उजळणारा कण लगेच फेकू नका. निळे-पांढरे ठिपके दिसले तर ते कापडाचे धागे किंवा कपड्यांच्या पावडरीतली चकाकी आणणारी द्रव्यं. ती पावडर नको म्हटलं ते याचसाठी.

एवढं करूनही कणाचं वय आपल्याला घरी कळणार नाही. मलप्रभेतला प्रत्येक झिरकॉन तीनशे कोटींचा असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज आहे. वय काढण्याची रीत मात्र समजून घेण्याजोगी आहे. झिरकॉन स्फटिकरूप घेताना झिर्कोनियमच्या जागी थोडं युरेनियम सामावून घेतो, शिसं मात्र त्याच्या रचनेत बसत नाही. म्हणजे आत आज जे शिसं सापडतं ते जवळजवळ सगळं नंतर युरेनियमच्या ऱ्हासातून झालेलं. त्यातही दोन घड्याळं एकाच कणात चालतात. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी. दोन्हींची वेळ जुळली तर वय खरं. जुळली नाही तर मध्येच कधीतरी उष्णतेने किंवा पाण्याने शिसं गळलंय. कण रेझिनमध्ये बसवून निम्म्यापर्यंत घासतात, आतली वाढीची वलयं पाहतात आणि वीस-तीस मायक्रॉनच्या एका ठिपक्यावर मोजणी करतात. जॅक हिल्सचा आकडा २००१ मध्ये असाच आला. पण शिसं कणातल्या कणात सरकून एखाद्या जागी साठलं असेल तर वय फुगून दिसेल, ही शंका होतीच. २०१४ मध्ये तिथल्याच एका कणातल्या शिशाचे अणू कुठे बसलेत हे एकेक अणू टिपणाऱ्या उपकरणाने पाहिलं गेलं. सरकलेले अणू इतक्या बारीक अंतरात सापडले की वयाला धक्का लागला नाही. या कणाचं वय ४३७ कोटी. गंमत म्हणजे हे कण ज्या दगडात सापडले तो त्यांच्यापेक्षा शंभर कोटींहून अधिक वर्षांनी तरुण. गोलसर कणांचीच गोष्ट.

झिरकॉनच्या पोटात युरेनियम असण्याचा एक परिणाम रत्नाच्या बाजारातही दिसतो. किरणोत्साराने त्याची रचना कोट्यवधी वर्षांत आतून खिळखिळी होते. असे श्रीलंकेतले हिरवट झिरकॉन प्रसिद्ध आहेत, त्यांची घनता ४.० च्या आसपास उतरलेली असते. बाजारातला निळा झिरकॉन बहुतेक तपकिरी दगड हजार अंशांजवळ भाजून केलेला. रत्न म्हणून तो देखणा आहे पण ठिसूळ. दहा-वीस खडे एकाच पुडीत ठेवले तरी एकमेकांना घासून कडा उडतात, म्हणून जाणकार व्यापारी प्रत्येक खडा वेगळ्या कागदात ठेवतो. अंगठीपेक्षा कानात बरा.

आपल्याकडे घोळ होतो तो दोन ठिकाणी. दागिन्यांतला ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, १९७६ पासून बाजारात आलेलं, भट्टीत केलेलं झिर्कोनियमचं ऑक्साइड. त्याचा झिरकॉनशी संबंध फक्त एका मूलद्रव्याचा. दुसरा घोळ गोमेदाचा. गोमेद म्हणजे हेसोनाइट, गार्नेटच्या घराण्यातला. पण तपकिरी-नारिंगी झिरकॉनही त्या नावाने खपतो, आणि रंगीत काच तर खपतेच. राहू-केतूचं तुमचं तुम्ही पाहा, पैसे देण्याआधी खडा तेवढा ओळखून घ्या.

त्यासाठी पहिली चाचणी विशिष्ट गुरुत्वाची, म्हणजे खडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे त्याची. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, एक लहान ग्लास, नायलॉनचा बारीक धागा. खडा सुटा हवा, अंगठीत बसवलेल्या खड्यावर हे चालत नाही. आधी खडा कोरडा तोला. मग ग्लासात उकळून गार केलेलं पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. खडा धाग्याने असा सोडा की तो पूर्ण बुडेल पण तळाला आणि काचेला टेकणार नाही. काटा जो आकडा दाखवेल तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा, येईल ते गुरुत्व.

दहा कॅरेटचा, म्हणजे २ ग्रॅमचा खडा धरू. साधी काच असेल तर काटा ०.८० दाखवेल, गोमेद असेल तर ०.५५, झिरकॉन ०.४३, क्युबिक झिर्कोनिया ०.३५ च्या जवळ. फरक ढळढळीत आहे. पण एक कॅरेटच्या खड्याला गोमेद ०.०५ आणि झिरकॉन ०.०४ दाखवणार, म्हणजे काट्याच्या चुकीतच सगळं बुडालं. पाच कॅरेटच्या खाली या काट्यावर विश्वास ठेवू नका. खड्याला चिकटलेला एक बुडबुडाही आकडा वाढवतो आणि गुरुत्व कमी दाखवतो. खडा आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्यावा. पंखा बंद. वजन विचारताना रत्तीत विचारू नका, रत्ती दुकानागणिक बदलते. कॅरेट सगळीकडे ०.२ ग्रॅमच.

बसवलेल्या खड्यासाठी भिंग. वरच्या सपाट पैलूतून आत पाहून मागच्या पैलूंच्या कडा न्याहाळा. झिरकॉनमध्ये प्रकाश दुभंगतो, प्रत्येक कड दुहेरी दिसते. एका विशिष्ट दिशेने पाहिलं तर दुहेरी दिसत नाही, म्हणून खडा दोन-तीन बाजूंनी कलता करून पाहा. गोमेदात आणि क्युबिक झिर्कोनियात कड एकेरी. गोमेदाच्या पोटात साखरेच्या पाकासारखी हलती लहर असते. काचेतही वळसे असतात, पण त्यांच्या सोबतीला गोल बुडबुडे.

गुरुत्वाचा आकडा एकटा निकाल देत नाही, हे दुर्मिळ रत्नांच्या इतिहासाइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. १९४५ मध्ये डब्लिनमध्ये रिचर्ड टाफे यांनी जुन्या खड्यांचा एक ढीग घेतला. त्यातला एक फिकट जांभळा खडा स्पिनेल समजला जात होता. गुरुत्व ३.६१, स्पिनेलचं ३.६०. काट्यावर तो निसटलाच असता. पण स्पिनेलमध्ये प्रकाश दुभंगत नाही आणि या खड्यात कडा दुहेरी दिसल्या. तो टाफेआइट निघाला. पैलू पाडलेल्या खड्यावरून नवं खनिज ओळखलं जाण्याची ती पहिली वेळ. म्यानमारच्या मोगोकमधला पेनाइट तर आणखी फसवा, लालसर आणि गुरुत्व ४.०१, म्हणजे माणकाला अगदी खेटून. कित्येक दशकं त्याचे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच नमुने माहीत होते. त्याच मोगोकचा क्यॉथुआइट आजवर एकच सापडलाय, १.६१ कॅरेटचा नारिंगी खडा, लॉस एंजेलिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. २०१५ मध्ये त्याला खनिज म्हणून मान्यता मिळाली. त्यात आहे काय, तर बिस्मथ, अँटिमनी आणि ऑक्सिजन. ही मूलद्रव्यं जगात इतरत्रही आहेत. पण ती योग्य तापमानाला, योग्य प्रमाणात आणि मध्ये दुसरं कुणी वाटेकरी न येता एकत्र येणं दुर्मिळ.

तेव्हा जत्रेत किंवा फोनवर कुणी ‘पेनाइट’ स्वस्तात देऊ लागला तर काटा बाहेर काढायचीही गरज नाही. महागाच्या कुठल्याही खड्याला प्रयोगशाळेचं कार्ड मागा. त्यावर वक्रीभवनांक, विशिष्ट गुरुत्व, खडा नैसर्गिक की कृत्रिम, आणि भाजलाय किंवा त्याच्या भेगा भरल्यात का, हे चारही हवं. नुसतं ‘ओरिजिनल गोमेद’ असं छापलेलं कार्ड म्हणजे पावतीच. कार्ड खरं असलं तरी ते याच खड्याचं आहे का हे वेगळं पाहावं लागतं. त्यावरचं कॅरेट वजन आणि मिलिमीटरमधली मापं तुमच्या काट्यावर आणि व्हर्निअरवर ताडून बघा. काट्याच्या चुकीपेक्षा जास्त तफावत आली तर कार्ड दुसऱ्याच खड्याचं आहे, खडा परत करा.